भुईमूग दरवर्षी पिवळा पडतो, मुळावरच्या गाठी पांढऱ्याच राहतात: युरिया टाकण्याआधी हे तपासा

पेरणीला महिना होत आला, दुसरं-तिसरं पाणी देऊन झालं, आणि भुईमुगाचे शेंडे पिवळे पडायला लागले. आधी वाफ्याच्या खालच्या तोंडाला, जिथं पाणी तुंबतं तिथं. मग पट्ट्यापट्ट्यानं सगळ्या रानात. माणूस दुकानात जातो, एकरी अर्धी गोणी युरिया आणून विस्कटतो. आठवडाभर जरा हिरवं दिसतं, पुढच्या पाण्याला परत तेच. शेवटी शेंगा भरतात निम्म्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात हाच खेळ पहिल्यापासून.

खटाव तालुक्यातल्या चुनखडीच्या रानात मी हे सलग चार हंगाम केलं. पाचव्या हंगामात रोप उपटून न बघता खोऱ्यानं मातीसकट काढलं, बादलीत भिजवून मुळं धुतली, आणि तेव्हा कळलं की मी पानाकडं बघत होतो आणि दुखणं खाली होतं. मुळावर गाठी होत्या, पण मोहरीएवढ्या आणि आतून पांढऱ्या. गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र बांधून रोपाला देतात; तो नत्राचा कारखाना उभाच राहिला नव्हता, कारण त्याला लागणारं लोह पोचलं नव्हतं. हे लिहितोय ते त्याच अवस्थेतल्या पिकासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी. सोयाबीन आणि हरभऱ्यालाही यातलं बरंच लागू पडतं, पण माझा हात भुईमुगावर बसलेला आहे.

आधी नावाचा गोंधळ

पिवळं दिसलं की आपल्याकडं ‘केवडा पडला’ म्हणतात. उसाचा केवडा बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा असतो. मूग-उडदाचा केवडा म्हणजे पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू, पिवळा मोझॅक. बाजरीचा केवडा बुरशीचा. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दुकानात जाऊन ‘केवड्यावर औषध द्या’ म्हटलं की मिळेल ते घरी येतं. म्हणून नाव बाजूला ठेवून पान बघा.

लोह कमी पडलं की सर्वांत वरची, नवी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. जाळी काढल्यासारखं पान दिसतं. जोर वाढला की शिराही फिकट होतात, पान हस्तिदंती पांढरं पडतं आणि कडेनं करपतं. नत्र कमी असेल तर उलटं: खालची जुनी पानं आधी सरसकट फिकट होतात, कारण रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून नवं पान उपाशी राहतं. गंधकाची कमतरता नव्या पानावरच दिसते, पण शिरांसकट सगळं पान एकसारखं फिकं. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे डाग वेडेवाकडे, ठिकठिकाणी, शेजारचं रोप धडधाकट.

घोटाळा होतो तो पुढं. लोहाअभावी गाठी चालेनात, म्हणून थोड्या दिवसांनी नत्रही कमी पडतं. मग वरची पानं पिवळी आणि खालचीही फिकट, असं सगळंच रोप मरगळलेलं दिसतं. तेव्हा बघणारा ‘नत्र कमी आहे’ म्हणतो, आणि तो चुकीचं बोलत नाही. फक्त नत्र का कमी आहे ते विचारायचं राहून जातं.

खात्री करायची सोपी रीत: लिटरभर पाण्यात एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा. जुन्या टूथब्रशनं पाच-सहा पिवळ्या पानांना संध्याकाळी दोन्ही बाजूंनी लावा आणि त्या फांद्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी बघा. लोहच कमी असेल तर लावलेली पानं हिरवी झालेली असतात, बाजूची तशीच पिवळी. कधीकधी थेंब जिथं बसला तेवढाच हिरवा ठिपका उठतो, तोही पुरावाच. पांढरीफटक, करपलेली पानं मात्र यासाठी घेऊ नका, ती परत येत नाहीत. पानाच्या प्रयोगशाळा तपासणीवर इथं फार विसंबू नका असं माझं मत आहे. पिवळ्या पानातही एकूण लोह बऱ्याचदा हिरव्या पानाएवढंच निघतं, ते निष्क्रिय रूपात अडकून पडलेलं असतं, आणि वरून धुळीतलं लोह अहवालात मिसळतं.

खणा, धुवा, नखानं कापा

तिसाव्या ते पस्तिसाव्या दिवशी, रान वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडं, असताना, पिवळ्या भागातली पाच आणि हिरव्या भागातली पाच रोपं वीतभर खोल मातीच्या ढेकळासकट काढा. ओढून उपटलं तर गाठी मातीत राहतात आणि आपण ‘गाठीच नाहीत’ म्हणून मोकळे होतो. ढेकूळ अर्धा तास पाण्यात ठेवा, आपोआप सुटतं.

भुईमुगाच्या गाठी कुठं बघायच्या हे ठाऊक असलं पाहिजे. इथं जिवाणू मुळाच्या केसांतून आत शिरत नाहीत. सोटमुळातून उपमूळ फुटताना जी भेग पडते तिथून शिरतात, म्हणून गाठी नेमक्या मुळांच्या बेचक्यात बसलेल्या दिसतात. बोटानं ढकलली की गाठ टपकन सुटते. सुटत नसेल आणि मूळच फुगलेलं असेल तर ती सूत्रकृमीची गाठ आहे, तिचा इलाज वेगळा.

आता एक गाठ अंगठ्याच्या नखानं मधोमध कापा. चालू गाठ आतून गुलाबी ते लालसर असते, नखावर रंग उतरतो. पांढरी किंवा राखाडी म्हणजे एकतर अजून कच्ची, नाहीतर निकामी. हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी. दहा गाठी कापून त्यातल्या किती लाल निघाल्या ते वहीत लिहून ठेवा, पिवळ्या भागाचं वेगळं आणि हिरव्याचं वेगळं. माझ्या त्या पहिल्या मोजणीत हिरव्या पट्ट्यात दहातल्या आठ लाल होत्या, पिवळ्यात एक. एकाच रानात, एकाच बियाण्याला, एकाच पाकिटातलं रायझोबियम, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, लावलेलं होतं. त्यामुळं ‘कल्चर बोगस निघालं’ हा माझा चार वर्षांचा संशय तिथंच संपला.

तो लाल रंग म्हणजेच लोह

गाठीतला तांबडा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या घराण्यातलाच आहे. हे १९३९ मध्ये जपानच्या कुबो यांनी दाखवून दिलं. पुढं त्याला लेगहिमोग्लोबिन हे नाव मिळालं. त्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसलेला असतो. काम फार नाजूक: हवेतलं नत्र बांधणारं विकर, नायट्रोजिनेज, ऑक्सिजन लागला की कायमचं बिघडतं. पण तेच काम करायला जिवाणूंना श्वासही घ्यावा लागतो. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच जिवाणूंच्या हाती देतं. २००५ मध्ये लोटस जॅपोनिकस या द्विदल वनस्पतीत हे प्रथिन बनणंच बंद करून पाहिलं गेलं. गाठी आल्या, पण नत्र बांधलं गेलं नाही. गाठी असणं वेगळं आणि गाठी चालणं वेगळं, हे यातून नेमकं कळतं.

आणि नायट्रोजिनेज स्वतःही लोहखाऊ आहे. त्याच्या मोठ्या प्रथिनाच्या एका रेणूत लोहाचे तीसच्या आसपास अणू असतात, मॉलिब्डेनमचे दोन. जोडीच्या लहान प्रथिनात लोहाचे आणखी चार. जिवाणूंच्या श्वसनसाखळीतली प्रथिनं धरली तर गाठ हा रोपाचा लोहाच्या बाबतीत फार भुकेला अवयव ठरतो. म्हणून टंचाईत पहिली मार गाठीला बसते. थायलंडच्या चुनखडीच्या जमिनीतल्या भुईमुगावर १९८०च्या दशकात काम झालं, त्यात हेच पुढं आलं: रोपाची वाढ फारशी न खुंटताच गाठींची वाढ मागं पडत होती. आपल्याला पान पिवळं दिसतं तेव्हा खाली नुकसान सुरू होऊन काही दिवस झालेले असतात.

पहिले पंधरा दिवस रोप हिरवंगार का असतं, हाही प्रश्न मला पडायचा. बियाण्याच्या डाळिंब्यांत साठलेलं लोह तोवर पुरतं. तो साठा संपायची वेळ आणि गाठी भरायची वेळ नेमकी एकच येते.

जमिनीत लोह टनांनी, रोपाला ग्रॅमभर नाही

आपली काळी माती बेसाल्टची, म्हणजे मुळातच लोहाची. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन साधारण ९ लाख किलो. त्यात ५ टक्के लोह धरलं तरी ४५ टन होतं. भुईमुगाला एका हंगामात एक-दोन किलोसुद्धा लागत नाही. अडचण विरघळण्याची आहे. जमिनीचा सामू (पीएच) एकानं वाढला की फेरिक, म्हणजे गंजातल्यासारख्या रूपातल्या, लोहाची विद्राव्यता हजार पटीनं घटते. सामू आठच्या पुढं आणि वर मोकळा चुना असेल तर ते लोह मातीत असूनही नसल्यासारखंच.

द्विदल रोप गप्प बसत नाही. ते मुळातून आम्ल सोडतं, मुळाच्या सालीवर फेरिक लोहाचं फेरस करतं आणि मग आत ओढतं. पण मातीच्या पाण्यात बायकार्बोनेट असेल तर सोडलेलं आम्ल तिथल्या तिथं मरतं. बायकार्बोनेट वाढतं कधी? चुनखडीच्या रानात पाणी तुंबलं, मातीतली हवा कोंडली, मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेना की. म्हणूनच पिवळेपणा वाफ्याच्या खालच्या तोंडाला सुरू होतो आणि पाणी दिल्यावर उफाळतो. विहिरीचं पाणी क्षारयुक्त असेल तर ते वरून आणखी बायकार्बोनेट घेऊन येतं.

माती परीक्षणात डीटीपीए पद्धतीनं काढलेलं, म्हणजे रोपाला मिळू शकणारं, लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली असेल तर जमीन कमतरतेत धरतात. पण त्याच कागदावर ‘मुक्त चुना’ हा रकाना असतो, तो आधी वाचा. लोह सहा पीपीएम आणि चुना पंधरा टक्के असलेल्या रानातही मी पिवळा भुईमूग बघितलाय.

युरियानं दुखणं का वाढतं

हे मला सर्वांत उशिरा समजलं आणि सर्वांत महत्त्वाचं वाटतं. युरिया जमिनीत पडला की काही दिवसांत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेट मुबलक असलं की रोप गाठी वाढवायचं थांबवतं, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. नायट्रेट उचलताना मूळ बदल्यात बायकार्बोनेट सोडतं, म्हणजे मुळाभोवतीचा सामू आणखी चढतो. हवेतलं नत्र वापरणारं रोप उलट मुळाभोवती आम्ल सोडतं आणि त्यातून स्वतःसाठी लोहही मोकळं करतं.

म्हणजे लोह नाही म्हणून गाठी चालत नाहीत. गाठी चालत नाहीत म्हणून रोप नायट्रेटवर जगतं. नायट्रेटवर जगतं म्हणून मुळाशी सामू वाढतो. आणि सामू वाढला म्हणून लोह आणखी मिळत नाही. युरियाची अर्धी गोणी या चक्राला मागून ढकलते. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटाच्या चुनखडीच्या शेतात सोयाबीन सगळं पिवळं आणि ट्रॅक्टरच्या चाकाच्या पट्ट्यात मात्र हिरवं दिसतं. दाबलेल्या मातीत नायट्रेट कमी राहतं, हे त्याचं कारण सांगितलं जातं.

आत्ता पीक उभं आहे, काय करायचं

पहिलं, पुढचं पाणी लांबवा. वाफशावर येऊ द्या, तुंबलेलं चर मारून काढा. हलक्या पिवळेपणात नुसत्या एवढ्यानं आठवड्यात फरक पडतो.

दुसरं, फवारणी. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर एक किलो आणि २०० ग्रॅम. क्रम चुकवू नका: आधी पाण्यात सायट्रिक ॲसिड, ते विरघळल्यावर हिराकस. उलटं केलं तर विहिरीच्या जड पाण्यात हिराकस पडल्या पडल्या गढूळ होतं, अर्ध्या तासात पाण्याला चहाचा रंग येतो आणि तळाला विटकरी गाळ बसतो. तो गाळ म्हणजे आपलं लोह. पानावर गेलं तरी आत शिरत नाही, वर नोझल तुंबतं ते वेगळंच. मी आता आधी काचेच्या बरणीत थोडं द्रावण करून अर्धा तास ठेवतो. फिकट हिरवट-पिवळसर आणि नितळ राहिलं तर पंप भरायचा, तांबूस झालं तर सायट्रिक थोडं वाढवायचं. हिराकस घेतानाही खडे फिकट हिरवे हवेत. पिशवीत तपकिरी भुकटी झालेली असेल तर परत करा.

फवारणी उन्हं कलल्यावर. दुपारी केली तर पानावर काळे ठिपके उठतात. आठ-दहा दिवसांनी दुसरी, गरज पडली तर तिसरी. त्याच पंपात डीएपी, १९-१९-१९, ०-५२-३४ असलं काही मिसळू नका, स्फुरद आणि लोह मिळून साका होतो. ‘मिक्स सूक्ष्म अन्नद्रव्य मारलं होतं की’ असं पुष्कळजण सांगतात. त्यातल्या फवारणीच्या ग्रेड-२ मध्ये लोह अडीच टक्के असतं, हिराकशीत एकोणीस. प्रतिबंधाला ठीक आहे, पिवळं पडल्यावर पुरत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह, घ्यायचं तर फवारणीला ईडीटीए चालतं. जमिनीतून मात्र ते आठ सामूला टिकत नाही, तिथं ईडीडीएचए लागतं. ते महाग असतं, ठिबकातून मुळाशी देता येत असेल तरच परवडतं.

कधी फवारायचं याला फार किंमत आहे. पंचेचाळिसाव्या दिवशी, सगळं रान पांढरं पडल्यावर मारलेली फवारणी पान वाचवते, पण गाठींचा हंगाम निघून गेलेला असतो. विसाव्या दिवसाच्या आसपास, शेंड्याला पहिली जाळी दिसली की मारा. ज्या रानात दरवर्षी येतं तिथं जाळीची वाटही बघू नका. भुईमुगाच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे: पानावर दिलेलं लोह खाली गाठीपर्यंत पोचतं, त्या थायलंडच्या कामातही फवारणीनंतर गाठी सावरल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ल्युपिन या द्विदल पिकात तसं होत नाही, तिथं ज्या मुळाला लोह मिळतं त्याच मुळावर गाठी धरतात.

दुसऱ्या फवारणीनंतर दहाव्या दिवशी परत खणा. पान हिरवं झालं म्हणून थांबू नका, पान आधी सुधारतं. लाल गाठींची संख्या चढलेली दिसली तर वरून नत्र द्यायची गरज नाही. पान हिरवं पण गाठी पांढऱ्याच, तर तीन गोष्टी बघा: रान अजून ओलंगच्च आहे का, पेरणीला किंवा नंतर नत्र जास्त पडलंय का (शिफारस हेक्टरी २५ किलोचीच आहे), आणि बीजप्रक्रिया करताना रायझोबियम बुरशीनाशकाच्या आधी लावलं होतं का. आऱ्या (शेंग धरायला जमिनीत शिरणारे देठ) सुटायला लागल्या आणि गाठी तरी हलल्या नाहीत, तर मी एकरी २० किलो अमोनियम सल्फेट देतो, म्हणजे चार किलो नत्र. अमोनियम उचलताना मूळ आम्ल सोडतं, सोबत गंधकही मिळतं. तेही पुढं नायट्रेट होतंच, म्हणून थोडं आणि हलक्या पाण्याबरोबर.

पुढच्या हंगामाची तयारी

हिराकस नुसती जमिनीत टाकून उपयोग नाही, चुन्यात ती काही दिवसांत गंजासारखी होऊन बसते. एकरी ८ ते १० किलो हिराकस शंभर किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पंधरा दिवस सावलीत मुरवा आणि पेरणीच्या ओळीत द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात.

गंधक टाकून चुना मारू, असं कुणी सांगितलं तर हिशोब करा. एकराच्या वरच्या थरात एक टक्का चुना म्हणजे ९ टन. तो संपवायला जवळजवळ तीन टन गंधक लागेल. दहा टक्के असेल तर तीस टनांच्या घरात. ओळीत दिलेलं आठ-दहा किलो गंधक मुळाजवळ थोडी मदत करतं आणि पिकाला गंधक मिळतं, एवढंच त्याचं काम.

सपाट वाफ्यापेक्षा रुंद वरंबा-सरीवर पेरा, शक्य तिथं तुषार लावा. माझ्या रानात सर्वांत मोठा फरक यानंच पडला, हिराकशीपेक्षाही. थंडी ओसरल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, गार मातीत मुळाचं लोह उचलणं मंदावतं. डीएपीचा ढीग नको, जादा स्फुरद लोह अडवतं. मॉलिब्डेनम विकत घेऊ नका, चुनखडीच्या जमिनीत ते आपसूक मिळतं.

भुईमुगात मक्याच्या ओळी लावून बघा. मका-ज्वारीसारखी तृणवर्गीय पिकं लोह मिळवण्यासाठी मुळातून वेगळीच द्रव्यं सोडतात, ती फेरिक लोहाला धरून विरघळवतात. उत्तर चीनच्या चुनखडीच्या जमिनीत मक्याशेजारच्या भुईमुगाच्या ओळी हिरव्या राहिल्या, दूरच्या पिवळ्या पडल्या. मुळं एकमेकांत गेली पाहिजेत, म्हणून मका भुईमुगाला चिकटून हवा. वाणांत आयसीजीव्ही ८६०३१ हा हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेचा वाण लोहाच्या टंचाईला दाद न देणारा म्हणून ओळखला जातो. बियाणं मिळालं तर रानातल्या सर्वांत वाईट कोपऱ्यात दोन ओळी पेरून आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी बघा.

जिप्समनं चुना वाढतो का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यानं सामू चढत नाही. आऱ्या सुटताना एकरी ८० ते १०० किलो नेहमीसारखं द्या, शेंगा भरायला ते लागतंच.